‘रक्त कमी आहे’, पण काहून?

कॉलेजात रक्तदान शिबिर लागतं. तुम्ही मैत्रिणींसोबत रांगेत उभ्या राहता. बोटाला सुई टोचली जाते आणि टेबलामागून आवाज येतो, ‘हिमोग्लोबिन १२.५च्या खाली आहे, तुम्हाला रक्त देता येणार नाही. पालक-बीट खात जा.’ मैत्रिणी हसतात, ‘हिच्यातच रक्त नाही, ही काय देणार!’ तुम्हीही हसता. विषय संपतो.

माझ्या मते विषय तिथूनच सुरू व्हायला हवा. शिबिरात किती पिशव्या जमल्या याची बातमी होते. परत पाठवलेल्यांचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही.

ताप जसा लक्षण असतो, तसंच ‘रक्त कमी’ हेही लक्षणच. कारण शोधायचं तर आपल्या यवतमाळी भाषेतला एक शब्द पुरे आहे : काहून?

कारणं अनेक आहेत. जेवणात लोह कमी. पाळीत जास्त रक्तस्राव. अनवाणी शेतात गेल्यावर पायातून शिरणारा आणि आतड्याला चिकटून रक्त पिणारा हूकवर्म. दूध, अंडी, मांस काहीच नसेल तर बी-१२ची कमतरता. प्रत्येकाचं औषध वेगळं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं, तर रिपोर्ट सुधारतो आणि आत नसा खराब होत राहतात.

आणि आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे सिकलसेल. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवसांत फुटते. पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. हा आजार आदिवासी समाजात जास्त आढळतो, पण विदर्भात इतर समाजांतही आहे. ‘आमच्यात नसते’ म्हणून तपासणी टाळू नका. सिकलसेलच्या रुग्णाला गरज नसताना लोहाच्या गोळ्या देत राहिल्या, वरून वारंवार रक्त चढवावं लागलं, तर शरीरात लोह साचतं. ते हृदयातही साचू शकतं.

आता तुम्ही म्हणाल, हृदयाचा इथे काय संबंध? पोस्टल ग्राउंडवर भरतीची तयारी करताना ८०० मीटरला छातीत धडधड होते ना, ते आठवा. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन कमी पडलं की हृदय जास्त जोरात, जास्त वेळा पंप मारून भरपाई करतं. निरोगी माणूस पळताना जे करतो, ते तीव्र अ‍ॅनिमियाच्या माणसाचं हृदय बसल्या जागी करत असतं. महिनोन् महिने हे चाललं की हृदय थकतं, मोठं होतं. पायावर सूज येते, आडवं झालं की दम लागतो, रात्री उशा लावून बसून झोपावं लागतं. याला डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात. आपण ‘हार्ट फेल’ म्हणजे माणूस गेला असं समजतो; पण इथे हृदय थांबलेलं नसतं, त्याला काम झेपेनासं झालेलं असतं. अशा पेशंटला रक्त चढवतानाही डॉक्टर अगदी हळू सोडतात, कारण वाढलेला भारही त्या हृदयाला सोसत नाही.

चांगली गोष्ट ही, की कारण रक्तात असेल आणि वेळेत सापडलं, तर हे हृदय पुन्हा सावरू शकतं. म्हणून विसाव्या वर्षी विचारलेलं ‘काहून?’ महत्त्वाचं.

करायचं काय? एक, सीबीसी करा. त्यात एमसीव्ही हा आकडा बघा. ८०च्या खाली असेल तर पेशी लहान, बहुतेक वेळा लोह कमी. १००च्या वर असेल तर बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिडची शंका. पुढचं डॉक्टरांना विचारा. दोन, आयुष्यात एकदा सिकलसेलची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं २०४७पर्यंत सिकलसेल संपवण्याचं लक्ष्य आहे. ते तुमच्या पिढीवरच अवलंबून आहे. ‘एएस’ निघालात तर घाबरू नका. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे आधी माहीत असणं शहाणपणाचं आहे. त्यावरून पोरीला नाकारणं मात्र माणुसकीचं नाही.

आणि तुमच्या वर्गात कुणी सिकलसेलचं असेल, तर ‘नाटकं करतो’ म्हणू नका. उन्हात पाणी कमी पडलं की त्याचं दुखणं उसळतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराची नोंद आहे.

शेवटची मागणी कॉलेजांकडे आणि रासेयोच्या पोरापोरींकडे. पुढच्या शिबिरात दोन वह्या ठेवा. एक, रक्त दिलेल्यांची. दुसरी, परत पाठवलेल्यांची. ती मात्र गुपचूप जपा, भिंतीवर लावू नका. महिन्याभरानं दुसऱ्या वहीतल्या प्रत्येकाला भेटा आणि विचारा, ‘तपासलं का? कारण सापडलं का?’

पिशव्या पहिल्या वहीतून मिळतील. माणसं वाचतील ती दुसरीतून.