ज्याला काही विकायचे नाही

आज १ जुलै. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांची जयंती, म्हणून राज्याचा कृषी दिन. जिल्हा परिषदांत प्रतिमापूजन होईल, प्रगतिशील शेतकऱ्यांना शाल-श्रीफळ मिळेल, भाषणे होतील. पेरणीची घाई असलेले शेतकरी बहुधा तिथे नसतील. त्या भाषणांत हरितक्रांतीचा उल्लेख हमखास येतो. मात्र नाईकांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या चार संस्थांची आजची अवस्था काय, हे कोणी विचारत नाही. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८चे, अकोल्याचे १९६९चे, परभणी आणि दापोलीची १९७२ची. यातले परभणीचे सुखासुखी मिळाले नाही; मराठवाड्याला त्यासाठी आंदोलन करावे लागले. कृषी विद्यापीठासाठी माणसे रस्त्यावर उतरत होती, हे आज सांगितले तर नव्या पिढीला खरे वाटणार नाही.

तेव्हाचा प्रश्न सरळ होता. धान्य कमी होते आणि ते वाढवायचे होते. १९६४मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले. ‘हायब्रीड’च्या भाकरीला लोकांनी नाके मुरडली, तरी ती खाल्ली. विद्यापीठांनी वाण द्यावे, शिफारस करावी, कृषी खात्याने ती गावात न्यावी आणि उत्पादन वाढावे, अशी ती साखळी होती. आज राज्यात चाळीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर सोयाबीन उभे राहते. त्याचे तेल निघते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि भाव खाद्यतेलाच्या आयात शुल्कावर हलतो. एकरी चार क्विंटल जास्त पिकवूनही घरात चार पैसे जास्त येतीलच असे नाही. महाविद्यालये मात्र अजून मुख्यत्वे क्विंटलच शिकवतात.

तरीही या संस्थांचे खरे मोल उत्पादनाच्या आकड्यांत नाही; ते काही न विकणाऱ्याच्या सल्ल्यात आहे. कपाशीवर काही दिसले की शेतकरी ते पान किंवा बोंड घेऊन जातो कुठे? तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात. तिथे सल्ला फुकट मिळतो आणि त्याची किंमत बाटलीत लागते. दुकानदार लबाडच असतो असे नाही; अनेकदा तो कृषी पदवीधरच असतो आणि उधारीवर मालही देतो. पण ‘यंदा फवारणीची गरज नाही’ हे वाक्य त्याने रोज उच्चारले तर त्याचे दुकान चालायचे नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे नाईकांच्याच जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, औषधांची मिश्रणे, अंगावर संरक्षक कपडे नाहीत. कोणते औषध, किती आणि केव्हा, याच्या शिफारशी विद्यापीठांच्या पुस्तिकांत होत्याच. त्या बांधापर्यंत पोचल्या नाहीत, आणि औषध मात्र पोचले.

आता सल्ल्याचा बाजार मोबाइलवर आला आहे. बारामतीत कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले आणि त्याची चर्चा देशभर झाली. चांगलेच झाले. पण उद्या प्रत्येक बियाणे कंपनीचे, प्रत्येक औषध कंपनीचे आपापले ॲप शेतकऱ्याला सांगणार आहे की काय टाकावे. त्या सल्ल्यांची पारख करणारा कोणीतरी लागेल. त्याच्याकडे स्वतःचे शेत, प्रयोगशाळा आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी असाव्या लागतील, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःला काही विकायचे नसावे. सरकारी कृषी महाविद्यालयाखेरीज असा दुसरा कोण आहे?

बियाण्याचेही तेच. सोयाबीनचे बी शेतकरी घरचे ठेवू शकतो, तुरीचे ठेवू शकतो, रब्बी ज्वारीचे तर पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आला आहे. एकदा विकले की पुन्हा गिऱ्हाईक येईलच याची खात्री नाही, अशा पिकात कंपनीने दहा वर्षे का घालवावीत? ती सरकारी संशोधन केंद्रांनी आणि विद्यापीठांनीच घालवली. मोहोळच्या मालदांडीवर आजही सोलापूरची भाकरी उभी आहे. पाडेगावहून को-८६०३२ हा ऊस १९९६मध्ये प्रसारित झाला आणि कारखानदारीने त्यावर संसार केला. कसबे डिग्रजचे फुले संगम, परभणीचे एमएयूएस-७१, बदनापूरची बीडीएन-७११ तूर ही नावे शहरात कोणाला ठाऊक नसतील. पण १८ मे रोजी परभणी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी बियाणे विक्रीसाठी लागणारी रांग एकदा पाहावी. सरकारी संस्थेपुढे लोक आपणहून रांग लावतात, असे प्रसंग आता फार उरले नाहीत.

कपाशीत मात्र या संस्था हरल्या, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नांदेडचा एनएचएच-४४ हा संकर एकेकाळी मराठवाडा-विदर्भात गाजत होता. २००२मध्ये बोंडअळीला प्रतिकार करणारी, जनुकबदल केलेली बीटी कपाशी आली आणि तो शेतातून उठला. त्याचेच बीटी रूप शेतकऱ्याच्या हाती यायला दीड दशकाहून अधिक काळ गेला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या विद्यापीठासह काढलेले बिकानेरी नरमा हे सरकारी बीटी वाण २००९मध्ये बाजारात आले. त्यात मोन्सॅन्टो कंपनीचेच जनुक असल्याचे आढळल्यावर ते नामुष्कीने मागे घ्यावे लागले. पैसा कमी पडला, हे खरे. पण शिस्त आणि घाई यांचा मेळही बसला नाही. सरकारी आहे म्हणून संशोधनाला माफी नसते.

तरीही आजचे दुखणे त्याहून साधे आहे. माणसेच नाहीत. विद्यापीठांत मंजूर पदांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे रिकामा आहे आणि एकेका प्राध्यापकाकडे दोन-तीन पदभार आहेत. एक वाण तयार व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. पैदासकार निवृत्त झाला आणि मागे कोणी आले नाही, की त्याच्या पैदास-ओळींचे बियाणे शीतगृहात पडून राहते, पुढे त्याची उगवणही जाते. दुसरीकडे विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांना परवानग्या मात्र हात सैल सोडून दिल्या गेल्या. सरकारी महाविद्यालयांच्या काही पट त्यांची संख्या झाली. त्यांतल्या कित्येकांच्या प्रक्षेत्राविषयी न बोललेलेच बरे. मुले हुशार असतात, पण पहिल्या वर्षापासून अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. त्यांना दोष कसा द्यावा? कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात गेलेली हीच मुले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक मन लावून करतात. मग फोटो निघतो, अहवाल जमा होतो आणि गावाशी संबंध संपतो. त्या मुलांना वर्षभर एकाच गावाशी बांधून ठेवले, माती-पाण्याच्या नोंदींबरोबर बाजारभाव, गोदामाची पावती आणि कराराचा कागद वाचायला शिकवले, तर ती स्पर्धा परीक्षेलाही जास्त लायक ठरतील.

कोणी म्हणतात, विद्यापीठांच्या जमिनी तरी मोकळ्या करा, त्या पडीकच आहेत. त्या पडीक का आहेत, याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. शेतकऱ्यांनी संशोधनासाठी सोडलेल्या जमिनीवर दुसरे काही उभारण्याचा अधिकार कोणत्याच सरकारला नाही.

पावसाळी अधिवेशनात शेतीवर चर्चा होईल, पीकविमा आणि कर्जमाफीवर गदारोळही होईल. ग्रामीण भागातून निवडून आलेल्या एका तरी आमदाराने उभे राहून विचारावे: चार विद्यापीठांत विषयवार मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि उरलेली कोणत्या तारखेपर्यंत भरणार? उत्तर लेखी मागावे.