छायेवरून निकाल नको

मी बालरोगतज्ज्ञ. उदरावरणाच्या, म्हणजे पेरिटोनियमच्या कर्करोगाविषयी मी लेखणी उचलावी, हे काही सहकाऱ्यांना अस्थानी वाटेल. परंतु दोन प्रसंगांनी या विषयाशी माझी गाठ घालून दिली आणि ती काही केल्या सुटत नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हे चार शब्द.

पहिला प्रसंग तेरा वर्षांच्या एका मुलीचा. निमाडातील खेड्यातून वडील तिला इंदूरला घेऊन आले होते. दोन महिन्यांपासून पोट फुगलेले, अंगात बारीक ताप, वजन उतरलेले. अन्यत्र काढलेल्या सीटी स्कॅनच्या अहवालात पोटात पाणी, जाड झालेले उदरावरण, ओमेंटमवर थर आणि शेवटी ‘बीजांडकोशाच्या कर्करोगाचा प्रसार असण्याची शक्यता’ असे नमूद होते. रक्तातील सीए-१२५ वाढलेले. ‘शक्यता’ हा शब्द कागदावरच राहिला; बापाच्या कानी पोचला तो केवळ ‘कॅन्सर’. त्याने शेताचा सौदा ठरवला होता, मुंबईसाठी अवंतिका एक्स्प्रेसची तिकिटेही काढली होती. आमच्या शल्यविशारद मित्राने दुर्बिणीतून पोट पाहिले आणि उदरावरणाचा तुकडा तपासणीस धाडला. निघाला क्षयरोग! सहा महिन्यांच्या औषधोपचाराने मुलगी बरी झाली, शेतही वाचले.

दुसरा प्रसंग सांगताना लेखणी अडखळते. माझ्या मावशीचे, वय वर्षे ६१, पोट फुगू लागले. सोनोग्राफीत पाणी आणि जाडसर उदरावरण. पाण्यात लिम्फोसाइट पेशी अधिक, कर्कपेशी आढळल्या नाहीत. मावसभावाने मला विचारले. आधीच्या यशाने मी धीट झालो होतो. ‘टीबीच असणार, औषधे सुरू करा,’ असे मी सांगून मोकळा झालो. घरच्या डॉक्टरचा शब्द कोण मोडणार? तीन महिन्यांनी बायोप्सी झाली, तेव्हा बीजांडकोशाचा कर्करोग निष्पन्न झाला. मावशी पुढे दोन वर्षे जगली. तिने मला कधी बोल लावला नाही. त्या तीन महिन्यांनी किती फरक पडला असता, हे कोणीच सांगू शकत नाही; परंतु ते घालवण्याचा अधिकार मला नव्हता, एवढे मात्र निश्चित.

दोन्ही चुकांचे मूळ एकच. एकीत छायेने कर्करोग ठरवला, दुसरीत क्षयरोग. निदान कोणीच केले नाही.

उदरावरण हे पोटातील अवयवांना वेढणारे पातळ, दुपदरी अस्तर. त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या त्वचेइतके. पोटातील द्रव स्थिर नसतो. श्वासाबरोबर तो ओटीपोटातून मुख्यतः उजव्या बाजूने वर यकृताभोवती चढतो. त्याच प्रवाहात सुटलेल्या कर्कपेशी गर्भाशयामागील पोकळीत, लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यापाशी, ओमेंटमवर आणि उजव्या श्वासपटलाखाली रुजतात. दुर्दैवाने क्षयरोगही याच अस्तराला ग्रासतो. दोहोंत जलोदर होतो, दोहोंत ओमेंटम जाड होते, दोहोंत सीए-१२५ वाढते आणि पेट-सीटीत दोन्ही सारखेच उजळतात.

काही खुणा उपयोगी पडतात, हे खरे. उदरावरण एकसारखे, गुळगुळीत जाड झालेले आणि आंत्रबंधातील लसिकाग्रंथींचा गाभा मृत झालेला दिसला, तर पारडे क्षयरोगाकडे झुकते. जाडी खडबडीत व गाठीगाठींची असेल, तर कर्करोगाकडे. पण झुकलेले पारडे म्हणजे निवाडा नव्हे. उलट बाजूही ध्यानी घ्यावी. पाच मिलिमीटरहून लहान ठिपके सीटीत बहुधा निसटतात. विसरण-आधारित एमआरआय त्यांतील काही पकडतो, सारे नाही. म्हणून ‘स्कॅन स्वच्छ’ म्हणजे ‘पोट स्वच्छ’, असेही नव्हे.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण आपल्या देशात आहेत. पाश्चात्त्य ग्रंथांत असे चित्र म्हणजे प्रथम कर्करोग. माळव्यात दोन्ही शक्यता अखेरपर्यंत जिवंत ठेवाव्या लागतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, अगदी अपवाद वगळता, ऊतीचा पुरावा हाती येईपर्यंत रुग्णाला ‘कॅन्सर’ही सांगू नये आणि क्षयरोगाची औषधे ‘देऊन पाहू’ असेही करू नये.

यावर खर्चाचा आक्षेप येतो. परंतु सोनोग्राफीच्या साहाय्याने, जागा बधिर करून, जाड झालेल्या ओमेंटमचा तुकडा सुईने घेता येतो, आणि तो खर्च पेट-सीटीहून पुष्कळ कमी. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीतीही घरोघरी ऐकू येते. बीजांडकोशापुरत्या मर्यादित गाठीत सुई घालू नये, हे योग्यच. तेथे निर्णय कर्करोग-शल्यविशारदाचा. पण रोग अस्तरभर पसरलेला दिसत असताना त्या भीतीपोटी निदानच टाळणे शहाणपणाचे नाही. सुईने भागले नाही, तर दुर्बीण आहेच.

एक साधी सूचना अनुभवातून. तुकडा घेतल्यावर सगळाच फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नये. एक भाग सलाइनमध्ये ठेवून क्षयजंतूंच्या कल्चर व सीबीनॅट तपासणीस पाठवावा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून जंतू वाढत नाहीत. आणि पाण्यात जंतू वा कर्कपेशी न सापडणे म्हणजे रोग नसणे नव्हे, हेही विसरू नये.

रेडिऑलॉजिस्ट मित्रांना विनंती, की अहवालात दोन्ही शक्यता लिहाव्यात आणि तुकडा कोठून सहज मिळेल, तेही सुचवावे. आम्ही चिकित्सकांनी अहवालाची शेवटची ओळ वाचून न थांबता त्यांच्याशेजारी बसून चित्र पाहावे. आणि समाजबांधवहो, नात्यातला डॉक्टर फोनवर झटपट निदान सांगू लागला, तर त्याला आदराने विचारा, ‘तुकडा तपासला का?’

माझ्या मावसभावाने तेव्हा तेवढे विचारायला हवे होते. खरे तर, मीच स्वतःला विचारायला हवे होते.