वाडवडिलांचें नांव आपणच वाचावें

राजेरजवाड्यांच्या वंशावळी छापल्या जातात. नांगर धरणाऱ्याची व भाता ओढणाऱ्याची वंशावळच नाहीं, असें आमचे पुष्कळ बांधव समजतात. हा भ्रम आहे. इंग्रज सरकारास सारा हवा होता, म्हणून त्यानें १८३६ सालीं इंदापुरापासून नवी मोजणी लागू केली आणि शेताशेतावर खातेदाराचें नांव चढविलें. पुढें गांव नमुना १४ मध्यें जन्ममृत्यु व शाळेच्या रजिस्टरांत जात लिहिली गेली. तेथें आडनांव शोधूं नका. ‘राणू बिन धोंडी’ म्हणजे धोंडीचा मुलगा राणू. ‘सखू कोम राणू’ म्हणजे राणूची बायको सखू.

हे जुने कागद बहुधा मोडींत आहेत. इतर मागासवर्गाच्या जातपडताळणीस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो; तेव्हां पणजोबाची एक ओळ पणतवाची कॉलेजांतील जागा वांचविते! ती ओळ वाचावयास मात्र आपण पैसे मोजून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतों. पूर्वीं दुसऱ्यानें वाचावें व आपण अंगठा उठवावा. मग शाळा शिकून आपण मिळविलें काय?

बांधवहो, घरच्या म्हाताऱ्यांकडून नांवें आजच लिहून घ्या, तहसील कचेरींत नकलेचा अर्ज द्या, आणि घरांतील एका तरी मुलास वा मुलीस मोडी शिकवा. बापजाद्यांचें नांव आपल्याच डोळ्यांनीं वाचण्यांत मान आहे.