काडी पाठवा, रोग पाठवू नका



चाकणच्या कारखान्यांत कामाला लागलेली आपल्या कोरडवाहू गावांतली कितीतरी पोरे आज चऱ्होली, मोशी, आळंदी या भागात खोल्या घेऊन राहतात. सणाला गावी येताना ती मिठाईचा पुडा आणतात, आणि आता पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली एखादी काडीही असते. कुणाच्या गॅलरीतली जास्वंद, कुणाच्या अंगणातले डाळिंब. रजा मिळाली नाही तर तीच काडी टपालाने येते. शहरातले बागेचे हौशी लोकही एकमेकांना अशा काड्या पाठवत असतात. दिसायला ही गोष्ट चार आण्यांची. पण तिच्यात आपला एक मोठा हक्क आहे आणि आपले मोठे नुकसानही आहे. म्हणून जिल्हा बैठकीपुढे ती मांडतो.

आधी हक्काचे. चऱ्होलीच्या शेजारी आळंदी. या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डाळिंबाच्या रोपांतून पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ साली एक मऊ बियांचे झाड निवडले. १९७० मध्ये त्या जातीला ‘गणेश’ हे नाव मिळाले. पुढे ‘गणेश’चा संकर ‘गुल-ए-शाह रेड’ या लाल दाण्याच्या रशियन जातीशी झाला आणि राहुरीच्या विद्यापीठातून मृदुला, आरक्ता, भगवा या जाती आल्या. आज सांगोल्याच्या आणि मालेगावच्या माळावर जी लाल बाग दिसते, तिचे मूळ असे इंद्रायणीकाठच्या गावाशी जाऊन पोचते.

एका झाडाची लाखो झाडे झाली ती बियांतून नव्हे. डाळिंबाचे बी लावले तर झाड आईच्या वळणावर जाईलच असे नाही. झाली ती गुटीतून आणि काडीतून, या बांधावरून त्या बांधावर. द्राक्षाचेही तेच. तासगाव भागातल्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतली एक वेगळी फांदी ओळखली, तिच्या काड्यांतून ‘तास-ए-गणेश’ उभी राहिली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ दिली. दोघेही शेतकरी. आपली मालदांडी ज्वारी तरी काय? मोहोळच्या केंद्राने एम ३५-१ निवडली ती शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेल्या वाणातून. आणि ते राखले कुणी? माहेरच्या बियाण्याची पुरचुंडी पदरात बांधून आणणाऱ्या बायकांनी.

ही देवघेव कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही. २००१ च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमात ते स्पष्ट लिहिले आहे. संरक्षित वाणाचे बियाणे असले तरी शेतकऱ्याने ते राखावे, पेरावे, पुन्हा पेरावे, बदलून घ्यावे, वाटावे, विकावे. बंदी आहे ती फक्त नाममुद्रा लावून विकण्याला. तरीही २०१९ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने गुजरातेतल्या बटाटा उत्पादकांवर प्रत्येकी एक कोटीहून जास्त रकमेचे दावे ठोकले. ओरड झाली तेव्हा मे महिन्यात ते मागे घेतले. कायदा कागदावर असून भागत नाही, तो तोंडपाठ असावा लागतो.

आता नुकसानीचे. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली. पाऊस नाही, कापसाला भाव नाही, अशा वेळी माळरानावर डाळिंब हा आधार वाटला. रोपे कुठून आणायची? जिथून मिळतील तिथून. पाहुण्याकडून, शेजाऱ्याकडून, रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून. २००२-०३ पासून तेल्याने थैमान घातले. पानावर पाणथळ ठिपका, मग काळा डाग, मग फळाला तडा. तालुकेच्या तालुके बागांवर कुऱ्हाड चालवून मोकळे झाले. हा जिवाणूचा रोग. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी तो झाडावरून झाडावर जातो, पण या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात त्याला पोचवले ते रोगट गुटीने. म्हणजे आपणच.

मी दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. माझ्या बागेतल्या पन्नास गुट्या मी माझ्या साडूला दिल्या होत्या. पैसे घेतले नाहीत, त्याचा मला अभिमान होता. झाडे हिरवीगार दिसत होती. तिसऱ्या पावसाळ्यात माझ्याकडे डाग दिसला आणि महिन्याभरात त्याच्याकडेही. त्याने कर्ज काढून ठिबक केले होते. बाग गेली, कर्ज राहिले. साडू मला आजवर एक शब्द बोललेला नाही, आणि तेच मला जड जाते. फुकट दिले म्हणून दोष फिटत नाही.

आमच्याकडे डाळिंब नाही, आम्ही कापूसवाले, असे कुणी म्हणेल. त्यांनी जास्वंदीची काडी नीट बघावी. कापूस, भेंडी, अंबाडी, जास्वंद ही एकाच कुळातली. २००६ च्या सुमारास गुजरातेत, पंजाबात आणि आपल्याकडे कपाशीवर जो पिठ्या ढेकूण आला, तो मूळचा अमेरिकेतला आणि जास्वंदीवरही सुखाने राहणारा. पानाच्या बगलेत कापसाच्या बोंदरासारखा पांढरा पुंजका दिसला की तो समजावा. चऱ्होलीच्या गॅलरीत तो एका कुंडीचे नुकसान करील, तुमच्या शिवारात तो हंगाम खाईल.

यावर कुणी म्हणतो, मग बंदीच घाला, काडीलाही परवाना लावा. हे काही औषध नव्हे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि २०१० पर्यंत पुण्याकडच्या बागांत पोचला. त्याने कुठल्या इन्स्पेक्टरची परवानगी घेतली नव्हती. आणि त्याला आवर घातला तो २०१० मध्येच पोर्तो रिको बेटावरून तपासून आणलेल्या एका बारीक गांधीलमाशीने. कीडही दुरून आली आणि तिचा वैरीही दुरून आला. फरक एवढाच की एक न बघता आली आणि दुसरी बघून आणली. दार बंद करायचे नाही, दारात उभे राहून बघायचे.

विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. रोपांचा धंदा करणाऱ्यासाठी १९६९ पासून फळरोपवाटिकांचा कायदा आहे, परवाना आहे. पैसे घेतले की पावती दिली पाहिजे, मातृवृक्ष दाखवला पाहिजे, रोगट निघाले तर भरपाई दिली पाहिजे. ही मागणी आपण लावून धरू. पण आपसातल्या देवघेवीची शिस्त आपलीच आपण घालायची. सरकारवर सोडली तर आधी हक्क जाईल आणि रोग तसाच राहील.

शिस्त अवघड नाही. बागेत तेल्या, मर किंवा पिठ्या ढेकूण असेल तर त्या हंगामात काडी कुणालाही देऊ नये, सख्ख्या भावालाही नाही. डाळिंबाची काडी झाड विश्रांतीत असताना घ्यावी. ती पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब असावी. पाने काढून टाकावीत. खालचा काप तिरका, वरचा सरळ ठेवावा, म्हणजे लावताना शेंडा-बूड उलटे होत नाही. कात्री दर झाडाला निर्जंतुक करावी. कागद भिजवून घट्ट पिळावा, त्यात काड्या गुंडाळाव्यात आणि चार भोके पाडलेल्या पिशवीत घालाव्यात. पाणी ठिबकले तर काडी वाटेत सडते. पुडके सोमवारी टपालात टाकावे, म्हणजे रविवारी पडून राहत नाही. माती मात्र चिमूटभरही पाठवू नये. सूत्रकृमी आणि मर रोग मातीतूनच प्रवास करतात. सोबत चिठ्ठी हवी: जात, गाव, तारीख, आणि बागेत कोणता रोग होता की नव्हता हे खरे खरे.

घेणाऱ्याने पाहुण्याला आधी ओसरीवर बसवावे, एकदम माजघरात नेऊ नये. नवी काडी बागेपासून आणि कपाशीपासून लांब, एका कोपऱ्यात लावावी आणि एक पूर्ण पावसाळा बघावी. डाग दिसला तर उपटून जाळावी, हळहळू नये. ज्वारीचे बियाणे आले तर किलोला चार ग्रॅम गंधक चोळूनच पेरावे, म्हणजे दाण्यावरची काणी टळते. परदेशातून आलेले पुडके तर परवान्याशिवाय आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय घेऊच नये. २०२० मध्ये न मागवलेली बियाण्यांची पाकिटे देशोदेशी लोकांच्या दारात पडली होती, तेव्हा आपल्या केंद्र सरकारलाही राज्यांना सावध करावे लागले.

प्रत्येक गावाच्या शाखेने एक वही घालावी. कुणी कुणाला कोणती काडी, कोणते बी दिले, एवढेच त्यात लिहावे. रोग उद्भवला तर मागोवा लागेल, आणि उद्या कुणी आपल्याच वाणावर मालकी सांगत आला तर तीच वही पुराव्याला उभी राहील.

देण्याचा हात आखडू नका. आळंदीचे झाड कुणी तरी दिले म्हणून माळावर डाळिंब आले. फक्त देण्याआधी पान उलटे करून बघा. माझ्या साडूच्या वेळी मी ते बघितले नव्हते.