रूपांतराचा नियम आपणच लिहावा

गतवर्षी आम्ही काही विद्यार्थ्यांनी वर्गाची नामावली ठेवणारा एक लहानसा प्रोग्राम जावास्क्रिप्ट भाषेत लिहिला. साठविलेली फाइल उघडून पाहतो तो काय! प्रत्येकाची जन्मतारीख एक दिवस मागे गेलेली. १५ जूनला जन्मलेला मित्र १४ जूनचा झाला होता. दोष यंत्राचा, असे प्रथम वाटले. परंतु दोष आमच्या गाफीलपणाचा होता.

एका प्रोग्रामची माहिती दुसऱ्यास कळावी म्हणून ‘जेसन’ नावाची लेखनपद्धती आज सर्वत्र रूढ आहे. मजकूर, संख्या, खरे-खोटे, रिक्त मूल्य, यादी आणि नाव-मूल्यांचा संच, एवढेच सहा प्रकार तीत मावतात. तारखेला तीत स्थान नाही. म्हणून जावास्क्रिप्ट तारखेचा मजकूर करते, आणि तो करताना आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेत बदलते. भारतीय वेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे. साहजिकच आपली १५ जूनची मध्यरात्र तेथे १४ जूनची सायंकाळ ठरते.

याउलट पायथॉन भाषेपुढे तारीख ठेवली, तर ती सरळ नकार देते; रूपांतराचा नियम प्रथम तुम्ही द्या, असेच जणू बजावते. मला हा नकार अधिक प्रामाणिक वाटतो. मुकाट्याने केलेल्या चुकीपेक्षा उघड अडवणूक पुष्कळ बरी.

‘तयार सोय असता एवढा खटाटोप कशाला?’ असे कोणी विचारील. परंतु जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ याहून मोठी पूर्णांक संख्या अचूक राहीलच असे नाही. म्हणूनच २०१० साली ट्विटरने आपले लांबलचक क्रमांक मजकूररूपानेही देण्यास आरंभ केला. ‘००७’ हा हजेरी क्रमांक संख्या मानला, तर त्याची शून्ये लोपतात.

आम्ही मग दोन नियम लिहिले. साठविताना जन्मतारखेचे केवळ वर्ष, महिना आणि दिवस लिहावयाचे; वाचताना त्यांचीच पुन्हा तारीख करावयाची. एकच नियम लिहून भागत नाही. गेलेली वस्तू जशीच्या तशी परत आली, तरच रूपांतर खरे.

दोन-तीन भाषांत नित्य वावरणाऱ्या आपणांस हे नवे नाही. भाषांतरात काय बदलले तरी चालेल आणि काय बदलता कामा नये, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. तो निर्णय यंत्रावर सोपवू नये, असे माझे नम्र मत आहे.