‘दारू पिते’ म्हणण्याआधी

जुने इंग्रजी सिनेमे दाखवणाऱ्या वाहिन्यांची एक पद्धत आहे. एखाद्या ताऱ्याचा वाढदिवस आला की त्या दिवशी त्याचेच चित्रपट ओळीने लावायचे. १७ ऑक्टोबर हा रीटा हेवर्थचा वाढदिवस. त्या दिवशी ‘गिल्डा’ (१९४६) लागला तर जरूर बघा. काळा झगा, लांब हातमोजे आणि ते प्रसिद्ध गाणे. पण वाढदिवसाचे कौतुक बहुधा या सत्ताविशीतल्या चेहऱ्यापाशीच थांबते. डॉक्टर म्हणून मला तिची पन्नाशीनंतरची वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात.

फ्रेड अस्टेअरबरोबर अवघड नाच करणाऱ्या या बाईला पन्नाशीनंतर संवाद पाठ राहीनासे झाले. १९७२ चा ‘द रॅथ ऑफ गॉड’ हा तिचा शेवटचा चित्रपट. त्यात तिला एकेक वाक्य सांगून काम करून घ्यावे लागले, असे सांगतात. चिडचिड वाढली, संशय वाढला. १९७६ मध्ये लंडनच्या विमानतळावर ती गोंधळलेल्या अवस्थेत उतरली आणि तिचे विस्कटलेले फोटो सगळीकडे छापून आले. निष्कर्ष तयारच होता: दारू.

ती पीत नव्हती असे नाही, पण खरा आजार अल्झायमर होता. निदान व्हायला १९८० च्या आसपासचा काळ उजाडला. १९८७ मध्ये ती गेली तेव्हा ६८ वर्षांची होती.

मला राग येतो तो या तयार निष्कर्षाचा. आपल्याकडेही तो घरोघरी मिळतो. पुरुष असेल तर ‘घेतो’, बाई असेल तर ‘स्वभावच तसा’, सासूबाई असतील तर ‘मुद्दाम करतात’. आणि सगळ्यांसाठी मिळून एक, ‘वय झालं’. माझे मत स्पष्ट आहे: तपासणी झाल्याशिवाय यातले एकही वाक्य बोलू नये.

अल्झायमर बहुतेकदा पासष्टीनंतर दिसतो, पण पन्नाशीतही होऊ शकतो आणि नेमका तेव्हाच तो कोणाच्या मनात येत नाही. चष्मा कुठे ठेवला हे सगळेच विसरतात. त्याने घाबरू नका. वर्षानुवर्षे हिशेब ठेवणाऱ्याला बिल भरणे जमेना, नेहमीची भाजी करताना क्रम चुकू लागला, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली, पैसे चोरल्याचा आळ घरच्यांवर येऊ लागला, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा आला, तर मात्र डॉक्टरांकडे जा. सोबत घरचे माणूस हवेच, कारण रुग्ण स्वतः ‘मला काही झालेले नाही’ असेच सांगेल.

तिथे स्मरणशक्तीची साधी चाचणी होते, रक्त तपासले जाते, गरज पडल्यास मेंदूचे स्कॅन केले जाते. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या किंवा डोक्याला मार लागून साचलेले रक्त यांनीही असाच गोंधळ होतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर चांगला उपचार आहे. माणूस खरोखर पीत असेल तरी तपासणी टाळू नका. दारू आणि विसरण्याचा आजार एकाच माणसात असू शकतात, आणि दारूमुळे दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते.

अल्झायमर निघाला तर तो पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. काही औषधांनी लक्षणे थोडीफार सावरतात. मग निदान कशाला, असे विचारले जाते. घरातली भांडणे थांबतात म्हणून! आई मुद्दाम करत नाही हे एकदा कळले की तिच्याशी बोलण्याचा सूर बदलतो. पैशांचे व्यवहार, गॅस, एकटीने बाहेर जाणे यांची व्यवस्था वेळेत लावता येते.

रीटाचे सासरे म्हणजे पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे तिसरे आगाखान. त्यांचे चिरंजीव अली खान यांच्याशी तिचे १९४९ मध्ये लग्न झाले. त्यांची मुलगी यास्मिन हिने आईला शेवटपर्यंत सांभाळले आणि आजाराचे नाव उघड सांगून संशोधनासाठी पैसा उभा केला. नाव लपवणाऱ्या घरांनी एवढे तरी तिच्याकडून घ्यावे.

आणि हो, घरी असा रुग्ण असेल तर त्याच्यासोबत जुना सिनेमा बघा, हिंदी, मराठी, इंग्रजी, त्याला आवडत असेल तो. कालचे आठवत नसले तरी तरुणपणीचे गाणे पुष्कळदा ओठांवर येते. फक्त ‘ही कोण, ओळखा बघू’ अशी परीक्षा घेऊ नका, आणि जाहिराती लागल्या की आवाज कमी करा.