विमान दुरुस्तीतली नोकरी गेली, आता आपल्या पोरांनी काय करायचे?

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईकडे निघाले आणि हजारो घरांचा पगार बंद झाला. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली होती. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट जमिनीवर आली. प्रत्येक वेळी टीव्हीवर वैमानिक आणि हवाई सुंदरी दिसल्या. हँगरमध्ये रात्रपाळी करून विमानाच्या चाकाखाली झोपून काम करणारा तंत्रज्ञ मात्र कुणाला दिसला नाही. त्यांच्यात आपल्या वस्त्यांतली मुलेही आहेत. आयटीआय किंवा एएमईचा कोर्स करून, बापाच्या पीएफवर किंवा कर्जावर ती तिथवर पोहोचली होती.

हा प्रश्न आपला का आहे, ते स्पष्ट बोलू. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिथे आरक्षण होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटांकडे गेली आणि तो दरवाजा बंद झाला. देखभालीची कंपनी, एआयईएसएल, सरकारकडेच राहिली. पण तिथली बरीच भरती आता ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर होते. बाकी सगळे क्षेत्र खासगी, म्हणजे आरक्षण नाही. खासगी विमान कंपनीत नोकरी सुटली की पुढची नोकरी ओळखीने मिळते. कुणाचा तरी मामा किंवा जुना साहेब दुसऱ्या कंपनीत असतो. आपल्या बहुतेक मुलांचे या धंद्यात कुणीच नसते, कारण घराण्यात विमानाला हात लावणारा तोच पहिला. नोकरी जाण्याचा फटका सगळ्यांना बसतो. पण त्यातून उठायला आपल्या मुलाला जास्त वेळ लागतो, तो इथे.

आणि या धंद्यात वेळच सगळ्यात महाग आहे. डीजीसीएचा परवाना असलेल्या इंजिनिअरला मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव दाखवावा लागतो. नसेल तर परवाना खिशात असूनही विमानावर सही करता येत नाही. म्हणून 'बघू, कंपनी परत सुरू होईल' या आशेवर बसणे घातक आहे. जेटचे लोक पाच वर्षे अशीच वाट बघत राहिले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

परवाना नसलेल्या तंत्रज्ञाची अडचण वेगळी आहे. दहा वर्षे काम केलेले असते, पण कागदावर 'हेल्पर' किंवा 'टेक्निशियन' एवढेच. म्हणून नोकरी डळमळीत होताच, कंपनीत सही करणारा साहेब अजून आहे तोवर लॉगबुकवर सह्या घ्या. कोणत्या विमानावर, कोणते काम, किती महिने, असे तपशीलवार अनुभवपत्र मागा. हँगरला कुलूप लागल्यावर सही द्यायला कुणी सापडत नाही.

मग जायचे कुठे? रिक्षा किंवा डिलिव्हरीचे काम कमी प्रतीचे आहे असे आम्ही म्हणत नाही, चूल त्यावर पेटते. पण हातातले कसब तिथे वाया जाते. विमानात भेगा शोधण्याचे जे तंत्र शिकलेले असते, अल्ट्रासॉनिक, डाय पेनिट्रंट, एडी करंट, तेच रिफायनरी, बॉयलर आणि पाइपलाइनच्या तपासणीत लागते. त्याचे लेव्हल टू प्रमाणपत्र घेतले की हे दार उघडते. एक्स-रेच्या कामाला मात्र अणुऊर्जा नियामकाच्या नियमांनुसार वेगळे प्रशिक्षण लागते. कंपोझिटवर काम केलेल्यांसाठी पवनचक्क्यांची पाती आहेत. सातारा आणि धुळ्याच्या डोंगरांवर त्यांची दुरुस्ती चालते. हायड्रॉलिक, न्यूमॅटिक आणि ब्रेक जाणणाऱ्याला मेट्रोचे डबे परके वाटणार नाहीत. गॅस टर्बाइनवर चालणारी वीज केंद्रे तर इंजिनवाल्यांची चुलत भावंडेच.

मेट्रो आणि ओझरचे एचएएल इथे आणखी एक गोष्ट आहे: आरक्षण. १९९० पासून बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा दाखला घरात आहे म्हणून निवांत राहू नका. जाहिरात निघाल्यावर तहसीलच्या चकरा सुरू केल्या तर तारीख निघून जाते.

पैशाचेही बघा. कंपनी दिवाळखोरीत गेली तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी हा कामगाराचा वेगळा हक्क आहे. जेटच्या कामगारांनी तो अपील न्यायाधिकरणात लढून ऑक्टोबर २०२२ मध्ये मान्य करून घेतला. पण दावा मुदतीत आणि कागदांसह करावा लागतो, आणि एकेकट्याने तो टिकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी नवे कौशल्य शिकण्याचा निधी आहे. मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्यात भरायची असते. रक्कम तुटपुंजी आहे, पण लेव्हल टूच्या कोर्सची थोडी फी तरी त्यातून निघेल. सोडू नका, मागा.

आता थोडे आपल्याविषयी. बाबासाहेब मजूर मंत्री असताना १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालये सुरू झाली. युद्धातून परतलेल्या माणसांना काम जोडून देणे हा त्यांचा पहिला हेतू होता. आज आपल्या विहारांत एमपीएससीच्या अभ्यासिका आहेत आणि त्या हव्यातच. पण पस्तिशीत नोकरी गेलेला तंत्रज्ञ त्या अभ्यासिकेच्या दारात लाजून उभा राहतो. वयोमर्यादा संपत आलेली असते, आणि त्याला लागणारी माहिती तिथल्या कुठल्याच पुस्तकात नसते. कालिना, कुर्ला आणि नागपूरला मिहानच्या आसपासच्या विहारांनी निदान एक वही ठेवावी: आपल्या वस्तीत विमान, मेट्रो, रिफायनरी आणि वीज केंद्रात कोण काम करते, त्यांचे नाव आणि फोन. ज्याच्या घरात मामा नाही, त्याने पहिला फोन कुणाला लावायचा ते त्या वहीत सापडेल.